हडळीचा डावा हात

कापडाचा मत्सर करणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर मला बघून घ्या. उज्ज्वला कोष्टी, वय चोपन्न, मुक्काम इचलकरंजी, जुन्या मंडईमागं कोष्टी ड्रेपरी. एक वेळ सवत परवडली असती. सवतीशी निदान भांडता येतं. कापडाशी भांडायला गेलं की लोक डॉक्टर सुचवतात.

ड्रेपरी म्हणजे शाळांची स्नेहसंमेलनं, गावोगावची नाटकं, गणपतीतले देखावे यांना पोशाख पुरवणारं दुकान. आमच्याकडं बावीस जिरेटोप आहेत, नऊ राक्षस आहेत, आणि हनुमानाच्या शेपट्या किती ते मलाही ठाऊक नाही. सासूबाईंनी घालून दिलेला एक दंडक आजही आम्ही पाळतो. कुठलाही पोशाख दुकानाबाहेर जाण्याआधी आपण स्वतः अंगात चढवून बघायचा. कुठं टोचतं, कुठं काचतं, मुखवट्यात श्वास घेता येतो का. "आपल्याला लागलं तर लेकराला लागणारच," असं त्या म्हणायच्या. त्यामुळं मी आजवर वाघ झालेय, रावण झालेय, एकदा तर भोपळासुद्धा झालेय.

फक्त शरूचे पोशाख मी कधी घालून बघितले नाहीत. ते तिच्या चाकांच्या खुर्चीलाच बांधलेले असायचे. ते मी कसे घालणार?

शरू म्हणजे शर्वाणी, माझी एकुलती एक. जन्मताना तिच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला. बुद्धीला काही झालं नाही, ती बारावीला तालुक्यात तिसरी आली. पण तिचे हातपाय तिला विचारल्याशिवाय हलतात, पाऊल आत वळतं, आणि शब्द ओठांपर्यंत यायला वेळ लागतो. नवख्या माणसाला तिचं बोलणं कळत नाही. मला कळतं. दवाखान्यात, शाळेत, बँकेत, मीच तिची दुभाषी. ती एक अक्षर बोलली की पुढचं वाक्य मी पुरं करायची, आणि खरं सांगते, त्याचा मला गर्व होता.

वेशभूषेच्या स्पर्धेत तिनं दहा वर्षांत आठ बक्षिसं आणली. मी खुर्चीभोवती पुठ्ठा लावून कमळ करायची आणि तिला लक्ष्मी करायची. कधी सिंहासन केलं, कधी रथ, कधी होडी. खुर्ची मुळी दिसायचीच नाही. एकच अडचण होती, डावा हात. मी निऱ्या बसवायला किंवा मुकुट बांधायला वाकले की नेमका तो हात उडायचा. त्यावर मी उपाय काढला. डाव्या बाहीला सेफ्टी पिन मारून ती खुर्चीच्या हाताला अडकवून टाकायची. आठही फोटोंत बघा, डावा हात कसा देवीच्या मूर्तीसारखा जागच्या जागी आहे.

आता त्या कापडाकडं येते.

हॅलोविन आम्हाला नवं नाही. अमेरिकेतल्या पोरांचे भुताखेतांचे अंगरखे आमच्या गावातल्या कारखान्यांत कित्येक वर्षं शिवले जातायत. ऐन ज्येष्ठात आमच्या बायका चेटकिणींच्या टोप्यांना काठ मारत बसतात. आपल्याकडं भुतं तिथीवर येतात, त्यांच्याकडं तारखेवर, एवढाच काय तो फरक. पण दोन वर्षांपूर्वी हातकणंगले रस्त्यावर सहवस्त्र प्रयोगशाळा उभी राहिली आणि तिथं वेगळंच काम सुरू झालं. त्या कामासाठी निलोफर जमादार माझ्या दुकानात आली. वय एकोणतीस, मागावर काम करणाऱ्या घरातली, मुंबईला शिकून परत आलेली, आणि हसली की गालाला खळी. ती खळी मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही.

"काकू, तिकडं हजारो आईबाप दरवर्षी शोधत फिरतात," ती म्हणाली. "ज्याच्या बाहीत हात जात नाही, ज्याला शिवण टोचते, जो खुर्चीत बसतो, त्याच्या मापाचं भूत दुकानात मिळतच नाही. मग ते घरी पुठ्ठे कापत बसतात. तुमच्यासारखेच. तुम्ही हे सगळं कसं केलंत ते मला शिकायचंय."

मी फुलून गेले. कमळ काढून दाखवलं, रथ दाखवला. निलोफर सगळं बघत होती, आणि बघता बघता खुर्चीसमोर उकिडवी बसून थेट शरूला म्हणाली, "तुला काय व्हायला आवडेल?"

"परी," मी म्हणाले.

"ह... ड... ळ," शरू म्हणाली.

निलोफरला कळलं नाही. तिनं माझ्याकडं पाहिलं. मला खोटं सांगता आलं असतं, पण शरू माझ्याकडं रोखून बघत होती. "हडळ म्हणते ती," मी नाइलाजानं सांगितलं. "काहीतरीच!"

शरूनं मान खाली घालून आपल्या वळलेल्या पावलांकडं पाहिलं. "पाय... आधीच... तयार... आहेत."

हे बोलणं मात्र निलोफरला कळलं. हडळीचे पाय उलटे असतात, हे तिच्या एका क्षणात लक्षात आलं आणि ती खो-खो हसत सुटली. शरूही हसली, तिचं ते सगळं अंग हलवणारं हसू. तिच्या पायांवर विनोद करायची माझी एकोणीस वर्षांत छाती झाली नव्हती, आणि ही कोण कुठली पोरगी दहा मिनिटांत तिच्याबरोबर हसत होती. माझ्या पोटात दुखलं. कशामुळं दुखलं ते मला तेव्हाच कळलं होतं.

कापड काय करतं ते निलोफरनं मला समजावून सांगितलं. तिला समजावता येतं, हेही मान्य करते. हात उचलायचा असं मेंदूनं ठरवलं की तो हुकूम नसेतून स्नायूपर्यंत पोचतो आणि तिथं अगदी बारीक वीज उमटते. हात दिसण्याइतका हलायच्या आधी, पापणी लवायलाही लागणार नाही इतक्या वेळात. सहवस्त्रात दोन तऱ्हेचे धागे असतात. एकाला चांदीचा मुलामा असतो, तो ही वीज कातडीवरून टिपतो. दुसरा मिश्रधातूचा, केसापेक्षा बारीक. त्यातून प्रवाह सोडला की तो आखडतो, थांबवला की सैल पडतो. म्हणजे एक धागा ऐकणारा आणि दुसरा ओढणारा. दोघांच्या मध्ये, मानेपाशी, शर्टाच्या बटणाएवढा संगणक.

"शरूच्या अंगात हुकूम एकच सुटतो," निलोफर म्हणाली, "पण वाटेत त्यात दहा नको ते हुकूम मिसळतात. कापडानं तिचा तेवढा ओळखायचा, त्याला जोर द्यायचा, आणि बाकीच्यांना हळूच धरून ठेवायचं."

"आणि तिचा कुठला, हे त्याला कोण सांगणार?"

"सुरुवातीला साक्षीदार. तिला जवळून ओळखणारं माणूस."

साक्षीदार मीच होणार, हे उघड होतं. चौदा दिवस, रोज चार तास शरूनं ते राखाडी कापड अंगात घालायचं, खायचं, वाचायचं, चिडायचं. समोर पाटीएवढा पडदा घेऊन मी बसायचं. हालचाल तिनं केली असेल तर हिरवं बटण, आपोआप झाली असेल तर लाल. कापड माझ्याकडून शिकत जातं आणि शेवटी स्वतःचं मत बनवतं. जिथं त्याचं आणि साक्षीदाराचं जमत नाही, त्या हालचालींची एक यादी तयार होते. तिला शंकांची यादी म्हणतात. आणि त्या शंका फक्त नेसणाऱ्यानं सोडवायच्या, स्वतः चित्रफीत बघून, निवांत. हा नियम निलोफरनं मला तीनदा सांगितला.

त्या चौदा दिवसांत निलोफर रोज संध्याकाळी यायची. चौथ्या दिवसापर्यंत ती शरूच्या तोंडाकडं टक लावून ऐकायची. नवव्या दिवशी मी चहा घेऊन आत गेले तर दोघी माझ्याशिवाय बोलत होत्या. निलोफर वाक्य पुरं करत नव्हती, नुसती थांबायची. शरूला एकेका वाक्याला मिनिट लागलं तरी थांबायची. मी दारात कप घेऊन उभी राहिले आणि दुभाषाला कुणी आत बोलावलंच नाही.

"तिला तिथं नोकरी देणार म्हणतात," आमचे हे म्हणाले. यांचे कान तीस वर्षांच्या मागाच्या खडखडाटात गेले. बोलणं ते ओठांवरून आणि हातांवरून वाचतात. "नवा पोशाख आला की ती घालून बघणार आणि खोट काढणार. रोज गाडी येईल न्यायला."

"तिला जमणार न्हाई," मी म्हणाले.

"तुझंच काम हाय की ते. घालून बघायचं. लेक कुणाची?" असं म्हणून ते हसले. मला काही हसू आलं नाही.

एकतीस ऑक्टोबरला, म्हणजे ऐन हॅलोविनच्या दिवशी, नाट्यगृहात परदेशी खरेदीदारांपुढं प्रयोग होता. त्यात शरूची हडळ सर्वांत शेवटी. ती साधली तर नोकरी पक्की.

पंधराव्या दिवशी दुपारी शंकांची यादी आली. अडतीस शंका. शरू आतल्या खोलीत कॉलेजच्या ऑनलाइन तासाला बसली होती. नुसतं बघू तरी म्हणून मी यादी उघडली. अडतीसपैकी एकतीस शंका एकाच हालचालीच्या होत्या. डावा हात. मी एकतीस वेळा लाल दाबलं होतं आणि कापड एकतीस वेळा म्हणत होतं, तिचं. खात्री शंभरात सत्त्याण्णव.

तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या हाताला दहा वर्षं मी पिना मारल्या, तो मला ओळखू येत नाही? काल विणलेलं फडकं आज मला माझी मुलगी शिकवणार? शरूला हाक मारायला दहा पावलं चालावी लागली असती. मी चालले नाही. एकतीसही ठिकाणी लाल पक्कं केलं, अंगठा टेकवला आणि यादी मिटवली.

तासाभरानं निलोफरचा फोन आला. "काकू, शरूनं स्वतः बघितल्या ना सगळ्या?"

"बघितल्या की," मी म्हणाले.

पोशाख छान झाला होता. राखाडी कापडावर मी आमच्या जुन्या नऊवारींच्या तीनशे चिंध्या टाचल्या होत्या. खुर्ची झाकायची नाही, चाकं दिसू द्यायची, असं शरूनंच ठरवलं होतं. प्रसंग असा होता, की पडदा उघडतो तेव्हा हडळ पाठमोरी असते. उजव्या हातानं खुर्चीची कळ दाबून ती सावकाश वळते, आणि मग डावा हात वर करून एका बोटानं प्रेक्षकांना बोलावते. बस्स, एवढंच.

एकोणतीस तारखेच्या तालमीत खुर्ची वळली. शरूच्या कपाळावरची शीर ताठ झाली. डावा हात मांडीवरून उठेना. तिनं पुन्हा जोर लावला. बाहीच्या चिंध्या थरथरल्या आणि तिथंच थांबल्या.

निलोफर धावत रंगमंचावर गेली. मानेपाशी बघून म्हणाली, "धागे ठीक आहेत. कापडाला वाटतंय ही हालचाल तुझी नाही. म्हणून धरून ठेवतंय."

शरूनं मांडीवरच्या हाताकडं पाहिलं. मग म्हणाली, "आई... म्हणते... ते खरं. उडतो... तो. माझा... नाहीच." आणि थोड्या वेळानं, "दुसरं... कुणी... बघा. मला... नको." तिनं कळ दाबली आणि खुर्ची विंगेत निघून गेली.

निलोफरनं माझ्याकडं पाहिलं. "यादीत तिनं स्वतःच लाल दिलंय ना, काकू?"

"हो," मी म्हणाले आणि सुईतला दोरा दातानं तोडला.

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला बरं वाटलं. रडणारी मुलगी गाडीत माझ्या शेजारी होती, आणि मी तिचं डोकं खांद्यावर घेतलं आणि मला बरं वाटलं. उद्यापासून ती पुन्हा माझी होती.

चिंध्या सैल झाल्या होत्या म्हणून पोशाख माझ्यासोबत घरी आला होता. शरू काम सोडणार म्हणाली तरी कापड तिच्याच अंगाला शिकलेलं. ते दुसऱ्या कुणाच्या उपयोगाचं नव्हतं, आणि निलोफरला अजून आशा होती. तीस तारखेला दुपारी शरू गाडी बोलावून प्रयोगशाळेत गेली, तोंडावर नाही म्हणून सांगायला. मी दुकानाची फळी अर्धी ओढून बाहीला टाके घालत बसले. शेवटचा टाका झाला. पोशाख दुकानाबाहेर जायचा होता, म्हणजे दंडक आला. हात सवयीनं पुढं गेले. शरू आणि मी दोघी सारख्याच काटक्या. पाठीमागं चुंबकाच्या पट्ट्या होत्या, बसल्या बसल्या घालता येईल अशा. मी स्टुलावर बसले, बोटांपर्यंत येणाऱ्या बाह्या चढवल्या आणि पट्ट्या जुळवल्या.

मानेपाशी बटण उबदार झालं. निलोफरनं एकदा सांगितलं होतं, की प्रयोगाआधी कापड उजळणी करतं. साठवलेल्या हालचाली हलक्या ताकदीनं पुन्हा करून बघतं, धागे शाबूत आहेत का ते तपासायला. आणि सुरुवात करतं शंकांपासून.

माझा डावा खांदा कुणीतरी सैल सोडल्यासारखा झाला. मग कोपर सुटलं. हात उडाला नाही. उडतो असं मी जन्मभर म्हणत आले, पण तो उडाला नाही. तो सावकाश पुढं गेला. दोन बोटं हवेत कशाला तरी टेकली आणि थांबली. पुन्हा टेकली. थांबली. तिसऱ्यांदा टेकली, जरा जास्त वेळ. मग तळवा उघडला आणि त्यानं पुढं ढकललं.

आम्ही दारावर असंच वाजवतो. तीनदा, मग ढकलायचं.

बोटं टेकली तिथं हवेत काय होतं? मी डोळे मिटून ती उंची आठवली. तिथं माझा खांदा असायचा. मी वाकून पिन लावत असताना माझा खांदा बरोबर तिथं यायचा. माझे डोळे निऱ्यांवर असायचे, म्हणून आधीचे तीन स्पर्श मी कधी पाहिलेच नव्हते. लुगड्याच्या पदरावर ते लागले असतील आणि मला जाणवले नसतील. शेवटचा धक्का तेवढा दिसायचा, आणि त्यालाच मी उडणं म्हणायची. ती दर वेळी आधी मला तीनदा विचारत होती.

कापड थांबलं नाही. एकतीस शंका होत्या, त्यानं एकतीस वेळा माझ्या हाताला तेच करायला लावलं. पट्ट्या मला काढता आल्या असत्या. काढल्या नाहीत.

आमचे हे चहा घेऊन आले आणि दारातच थबकले. हडळीच्या वेशात बायको स्टुलावर बसून रडतेय, हे दृश्य कुणालाही थबकवणारच. मी उजव्या हातानं डोळे पुसले आणि माझ्या डाव्या हाताकडं बोट केलं. "अहो, हे काय हाय? शरू असं करती, ते काय हाय?"

त्यांनी हात दोनदा पाहिला. "बास आई, म्हणती," ते सहज म्हणाले.

"कधीपासनं?"

"बारकी असल्यापासनं. बोलायच्या आधीपासनं."

"तुम्हाला ठावं होतं?"

"मला वाटलं तुलाबी ठावं हाय."

"मग सांगितलं का न्हाई मला?"

त्यांनी चहाचा कप माझ्यासमोर ठेवला. "तू बोलू देतीस व्हय कुणाला?" असं म्हणून ते बाहेर गेले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यामुळं ते जास्त लागलं.

चार वाजता मी पोशाख पिशवीत घालून प्रयोगशाळेत पोचले. खिडकीपाशी शरू आणि निलोफर समोरासमोर बसल्या होत्या. नाही म्हणून सांगून झालं होतं, दोघींच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

"यादी शरूनं बघितली नव्हती," मी उभ्या उभ्याच म्हणाले. "मी बघितली. एकतीस लाल माझे आहेत. कापड बरोबर होतं आणि मी खोटं बोलले. दोनदा."

निलोफरनं शरूकडं पाहिलं. 

"का?" शरूनं विचारलं. एकच अक्षर, तेही चटकन आलं.

"जळले मी," मी म्हणाले. "हिच्यावर. ह्या फडक्यावर. तू माझ्याशिवाय बोलायला लागलीस त्याच्यावर. पिन मारायची तेव्हा मात्र जळत नव्हते. तेव्हा मला खरंच कळत नव्हतं, शरू. आईशप्पथ कळत नव्हतं."

निलोफरनं पडदा शरूपुढं धरला. पहिली चित्रफीत सुरू झाली. त्यात मी वाकून तिच्या पायातला मोजा सरळ करत होते. दोन बोटं माझ्या खांद्यावर टेकली. आता मला स्पष्ट दिसली. एकदा, दोनदा, तीनदा. मी मान वर केली नाही. मग धक्का.

"माझं," शरू म्हणाली. निलोफरनं हिरवं केलं. दुसरी. "माझं." तिसरी. शरूनं एकही गाळू दिली नाही. एकतीस वेळा ती तो शब्द बोलली, आणि एकेका वेळेला तो यायला वेळ लागत होता. सगळ्या झाल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं.

"मला... वाटायचं," ती म्हणाली, "मीच... वेडी. माझाच... हात... मला... कळत नाही."

मी पुढं झाले. तिनं मान हलवली. "आत्ता... जा."

मी गेले. बसथांब्यावर बसून राहिले, आणि दोन बस तशाच जाऊ दिल्या.

दुसऱ्या दिवशी अकराला नाट्यगृहाच्या रंगपटात मला निलोफरनंच बोलावलं. चिंध्यांतली गुंतागुंत माझ्याशिवाय कुणाला सुटेना. शरू पोशाख घालून आरशापुढं होती. चेहऱ्याला राख, केस मोकळे, पावलं उघडी. मी चिंध्या सोडवत होते. ती माझ्याशी बोलत नव्हती. डोक्यावरची एक चिंधी घसरत होती. मी वाकले, तोंडातली सेफ्टी पिन काढली.

खांद्यावर दोन बोटं टेकली.

मी थांबले. आयुष्यात पहिल्यांदा पहिल्याच टकटकीला थांबले. पिन मिटली, सरळ उभी राहिले आणि मागं झाले. दुसऱ्यांदा टेकायला तिची बोटं पुढं आली होती, ती तशीच हवेत राहिली. तिथं आता कुणी नव्हतं. तिनं हात खाली घेतला आणि आरशातून माझ्याकडं पाहिलं. ती हसली नाही, पण बघत राहिली. "घसरू दे," ती म्हणाली. "हडळ... आहे."

दरवर्षी मी खुर्चीमागं पुठ्ठ्याआड लपून असायची, कमळ धरून. त्यामुळं माझ्या मुलीला मी रंगमंचावर समोरून कधी पाहिलंच नव्हतं. त्या दिवशी मी आणि आमचे हे सहाव्या रांगेत बसलो.

पडदा उघडला. खुर्ची वळली. चाकांवर दिवा चमकला. मग डावा हात उठला, सावकाश, थरथरत. ती थरथर कापडानं धरून ठेवली नव्हती. शरूनंच ती तशी ठेवायला सांगितली होती, म्हणून तीनशे चिंध्या वाऱ्यात असल्यासारख्या हलत होत्या. बोट वळलं. ये. पुढच्या रांगेतल्या एका परदेशी बाईनं चक्क खुर्चीचा हात घट्ट धरला. आमच्या ह्यांनी कोपरानं मला ढोसलं.

टाळ्या थांबेनात. मग निलोफर माईक घेऊन शरूपाशी आली. खाली उभ्या एका खरेदीदारानं इंग्रजीत विचारलं आणि निलोफरनं मराठीत सांगितलं, "ते विचारतायत, हा पोशाख कुणाचा?"

शरूनं तोंड उघडलं. "का..." एवढंच आलं.

मला लगेच कळलं ती काय सांगणार ते. कापड निलोफरचं, असं ती म्हणणार. आणखी काय म्हणणार? तीच जुनी आग उठली. ती काही एका रात्रीत विझत नाही. आणि त्याच क्षणी सवयीनं मी अर्धी उठलेसुद्धा, वाक्य पुरं करायला, तिच्या आधी सांगून टाकायला. दुभाषाची खोड.

रंगमंचावर डावा हात उठला. तळवा माझ्याकडं.

मी खाली बसले. अख्खं सभागृह थांबलं होतं. निलोफर थांबली होती. शब्द एकेक करून यायला लागले आणि मी ते सगळ्यांबरोबर, सगळ्यांइतक्याच उशिरा ऐकले.

"कापड... निलोफरचं," शरू म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. माझ्या मुठीत मिटलेली पिन होती, ती मी घट्ट धरली.

"चिंध्या... आईच्या," ती म्हणाली. "आणि हात... माझा."